वाळवंटात चालायचे, तर अंग झाकून

बेळगाव भागातल्या माणसाचा वाळवंटाशी काय संबंध, असे कुणी विचारले तर उत्तर गावोगाव मिळते. खानापूर, नंदगड, जांबोटीकडची मुले सैन्यात भरती होतात आणि केव्हातरी राजस्थानच्या सीमेवर पोचतात. कुणाचा भाऊ दुबईला बांधकामावर असतो, कुणाचा मेहुणा मस्कतला. अलीकडे नाताळच्या सुट्टीत जैसलमेरला जाऊन दोन-चार दिवस वाळूतून पायी हिंडणारेही वाढले आहेत. बेंगळुरू–जोधपूर गाडी बेळगाव, मिरज, पुणे करत जाते, त्यामुळे प्रवासाची अडचण राहिलेली नाही. तिकीट, मुक्काम, उंटाची सफर यांची चौकशी दोन महिने आधी होते. अंगावर काय घालायचे, हे मात्र निघायच्या आदल्या रात्री पिशवी भरताना ठरते.

आणि तिथेच चूक होते. खानापूर तालुका हा पावसाचा मुलूख. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्या पट्ट्यात पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. कपड्यांबद्दलचे इथले शहाणपण इरले, घोंगडी, रेनकोट आणि गमबूट यांतून आलेले आहे: पाणी बाहेर ठेवायचे. उन्हाळ्यात उकडले की इथला माणूस शर्ट काढून बनियनवर बसतो, आणि दमट हवेत तेच बरे वाटते. वाळवंटातला हिशेब याच्या नेमका उलट आहे. तिथे शरीरातले पाणी आत राखायचे असते, आणि त्यासाठी कपडे कमी करून चालत नाही, अंग पूर्ण झाकावे लागते.

आधी हवा समजून घ्या

जैसलमेरला वर्षभरात साधारण दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. खानापूरच्या पश्चिम भागात आषाढातल्या एखाद्या झडीत तेवढा सहज पडून जातो. उन्हाळ्यात तिथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्याच पट्ट्यातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. म्हणून हौसेने चालायला जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच. नोकरीनिमित्त जाणाऱ्यांना मात्र ऋतू निवडता येत नाही, आणि कपड्यांची खरी परीक्षा त्यांचीच होते.

माणसाच्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा त्याहून गरम झाली की तोच वारा उष्णता अंगात भरू लागतो. अशा वेळी शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. भर उन्हात चालणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. उघड्या अंगावर ऊन थेट पडते, गरम वारा थेट लागतो आणि घामाचा खर्च वाढतो. सैल कपडा अंगाभोवती सावली धरतो आणि हा खर्च कमी करतो.

दमट हवेला सरावलेल्यांची इथे आणखी एक फसगत होते. खानापुरात घाम निथळतो, दिसतो, म्हणून तहानही ध्यानात येते. वाळवंटात तो फुटताच वाळून जातो आणि अंग कोरडे लागते. दुपारी शर्टाची कॉलर किंवा पाठीचा भाग पाहिला की मिठाचे पांढरे, खरखरीत पट्टे दिसतात. ते पट्टे म्हणजे गेलेल्या पाण्याची पावती. ते दिसले की थांबावे, पाणी प्यावे आणि सोबत मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस घ्यावे.

काळा की पांढरा

उन्हात पांढरे घालावे, हे सगळ्यांना माहीत आहे. मग सिनाई आणि नेगेव्हच्या वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बेदुइन काळे झगे का घालतात? या प्रश्नाचा शास्त्रीय तपास श्कोल्निक, टेलर, फिंच आणि बोरुत या संशोधकांनी केला आणि १९८० मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेगेव्हच्या उन्हात माणसाला काळा झगा, पांढरा झगा, खाकी छटेचा लष्करी गणवेश आणि नुसती अर्धी चड्डी अशा चार वेशांत उभे करून शरीरात किती उष्णता जाते ते मोजले. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात अंगापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच भरली. काळे कापड जास्त तापत होते, पण झगा सैल असल्याने आतली हवा खेळती राहत होती आणि कापडाने घेतलेली जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जात होती.

चालणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढेच की रंगाआधी सैलपणा पाहावा. अंगाला चिकटलेल्या पांढऱ्या टी-शर्टपेक्षा ढगळ, पूर्ण बाह्यांचा, कुठल्याही फिक्या रंगाचा सदरा केव्हाही चांगला. शहरी शर्ट अंगाला घट्ट बसतात आणि त्यांच्या आत हवा खेळायला जागाच नसते. म्हणून त्यांच्या बाबतीत फिका रंग हवाच.

राजस्थानातल्या पोशाखाकडे पाहिले तरी हेच दिसते. धोतर, सैल अंगरखा किंवा बगलबंदी, डोक्याला साफा. बायकांचा घोळदार घागरा आणि सबंध डोके-खांदे झाकणारी ओढणी. सहारातले तुआरेग पुरुष निळीत रंगवलेल्या लांब कापडाने डोके आणि तोंड गुंडाळतात. आखातातला अरब पायघोळ झगा आणि डोक्यावर चौकोनी रुमाल घालतो. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकायचे आणि कापड सैल ठेवायचे यावर सगळ्यांचे एकमत आहे.

मेसोपोटेमियात गेलेले मराठे

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. पण मराठा पलटणींची वाळवंटाशी गाठ त्याआधीच पडली होती. पहिल्या महायुद्धात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर आजच्या इराकमध्ये लढत होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा इथे या सैन्याला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने गांजलेल्या फौजेला शरण जावे लागले. त्यानंतर कैद्यांना ऐन उन्हाळ्यात बगदाद, मोसूलमार्गे शेकडो मैल चालवत नेले. अनेकांच्या पायांत धड बूट उरले नव्हते. अन्नासाठी कपडे आणि पादत्राणे विकायची पाळी आली. त्या वाटेवर कैदी मोठ्या संख्येने मेले.

त्याच काळात ब्रिटिश सैनिकांच्या शर्टाच्या पाठीवर कण्याच्या रेषेत जाड कापडाची एक गादी बटणांनी लावलेली असे. उन्हाचे किरण कण्यातून शिरून माणसाला आजारी पाडतात, अशी समजूत होती. ती चुकीची ठरली आणि गादी वापरातून गेली. पाठीवर जाड कापड लादल्याने घाम वाळत नाही, उलट ओझे वाढते. आज हीच गत पाठीला गच्च चिकटलेल्या पाठपिशवीची होते. पिशवी घेताना पाठ आणि पिशवी यांच्यामध्ये जाळी किंवा फट असलेली घ्यावी, जड सामान कमरेवर पेलणारा पट्टा असावा.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी पुन्हा उत्तर आफ्रिकेच्या वाळूत होत्या. २/५ मराठा लाइट इन्फन्ट्री जून १९४२ मध्ये तोब्रुकला होती. खानापूर-बेळगावच्या एखाद्या जुन्या घरात पणजोबांचे या काळातले छायाचित्र असेल तर त्यातला गणवेश नीट पाहावा: पातळ खाकी सुती कापड, आणि घोट्याभोवती गुंडाळलेल्या पट्ट्या. त्या पट्ट्यांचे काम आजही संपलेले नाही. ते पुढे पायांच्या भागात येईल.

डोके आणि तोंड

क्रिकेटची टोपी पिशवीतून काढून ठेवावी. ती कपाळाला सावली देते, पण कान आणि मान उघडी राहतात, आणि वाळवंटात सगळ्यात आधी भाजते ती मान. टोपीच घालायची तर चारी बाजूंनी सात-आठ सेंटिमीटर काठ असलेली आणि हनुवटीखाली दोरी असलेली घ्यावी. दोरी नसेल तर पहिल्या वावटळीतच टोपी गेली म्हणून समजा.

पण खानापूरच्या घरात याहून चांगली वस्तू आहे. राजस्थानी साफा साधारण आठ-नऊ मीटरचा असतो. आपल्याकडचा फेटाही तसाच लांब. रोज चालताना तेवढा लागत नाही. अडीच मीटर लांबीचे पातळ सुती उपरणे किंवा जुन्या धोतराचा तुकडा पुरतो. बांधायची रीत अशी: कापड लांबीत दुहेरी दुमडावे. एक टोक छातीपर्यंत पुढे सोडून कापड कपाळावर, भुवयांच्या किंचित वर, धरावे. लांब टोक कानावरून मागे नेऊन डोक्याभोवती दोन वेढे द्यावेत आणि उरलेले टोक कानाच्या वर वेढ्यात खोचावे. मानेमागे थोडे कापड सैल लोंबू द्यावे. पुढे सोडलेले टोक मोकळेच ठेवावे. वारा सुटून वाळू उडू लागली की ते नाकावरून, तोंडावरून घेऊन दुसऱ्या बाजूला खोचले की झाले. दुपारी हेच कापड थोड्या पाण्याने ओले केले तर कोरड्या हवेत डोके चांगलेच गार राहते. नायलॉनची ओढणी किंवा बाजारात मिळणारे चकचकीत पॉलिएस्टरचे फेटे यासाठी घेऊ नयेत, ते पाणी धरत नाहीत आणि सारखे घसरतात.

डोळ्यांसाठी पूर्ण अतिनील संरक्षण देणारा, कडांनी बंद असलेला गॉगल घ्यावा. रस्त्यावरचा नुसता काळ्या काचेचा गॉगल नको. काच काळी असल्याने बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसेल तर अपाय वाढतो. डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवसांत साधा चष्मा वापरावा, कारण वाळूचा एक कण लेन्सखाली गेला तर बुबुळाला इजा होऊ शकते. ओठांना मलम आणि नाक-गालांना एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचे सनस्क्रीन, दर दोन तासांनी.

अंगावरचे कापड

दिवसा सुती, हेच साधे उत्तर. सुती कापड घाम धरून ठेवते आणि कोरड्या हवेत तो सावकाश वाळतो, त्यामुळे गारवा टिकतो. पाऊसवाटेवर हाच सुतीचा दोष असतो. खानापूरच्या जंगलात भिजलेला सुती शर्ट दिवसभर वाळत नाही, म्हणून तिथले लोक टेरिकॉट पसंत करतात. वाळवंटात टेरिकॉट घरी ठेवावे. कापड पातळ असले तरी वीण घट्ट असावी: उन्हाकडे धरून पाहिल्यावर आरपार जाळी दिसली तर अतिनील किरणही तसेच आत येतात. यूपीएफ ५० अशी खूण असलेले कापड अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत सोडते, पण त्यासाठी मुद्दाम खर्च करायलाच हवा असे नाही. घट्ट विणीची खादी किंवा पॉपलीनचा पूर्ण बाह्यांचा सदरा साधारण हेच काम करतो.

जीन्स नको. ती जड असते, घाम आला की मांड्यांना चिकटते आणि घासून कातडी सोलते. सैल सुती पायजमा किंवा खिशांची ढगळ पँट घ्यावी. अर्धी चड्डी तर मुळीच नको. कारण ऊन तर आहेच, शिवाय भुरटही आहे. थरच्या वाळूत या गवताची बारीक काटेरी बोंडे असंख्य असतात आणि ती पायाला, मोज्याला, लोकरीला पकडून बसतात. गुळगुळीत कापडावरून ती झटकता येतात. फ्लीस किंवा विणलेल्या लोकरीत ती अशी रुततात की एकेक वेचून काढावी लागते आणि बोटांत काटे मोडतात. उंटावर बसायचे असेल तर मांडीच्या आतल्या बाजूला खोगीर घासते. तिथेही पूर्ण लांबीची पँटच उपयोगी पडते, आणि निघण्याआधी थोडे व्हॅसलिन लावून ठेवावे.

बायकांनी सहावारी नेसून वाळूत चालणे टाळावे. निऱ्यांचा काठ वाळू ओढतो, भुरट गोळा करतो आणि चढावर पायात येतो. बाजूला चिरा असलेला लांब सुती कुर्ता, खाली पायाला अडकणार नाही अशी सैल सलवार आणि मोठी सुती ओढणी हा पोशाख वाळवंटाला उत्तम जमतो: चिरांतून वारा आत जातो आणि ओढणी उपरण्याचे काम करते. घट्ट सिंथेटिक लेगिंग्जमुळे घामोळे आणि चट्टे येतात. आतले कपडे सगळ्यांनीच सुती आणि जाड शिवण नसलेले घ्यावेत, रोज बदलावेत. धुवायला पाणी मिळेलच असे नाही, म्हणून दिवसाला एक जोड या हिशेबाने न्यावेत.

पाय

ऐन उन्हाळ्यात दुपारची वाळू ६० अंशांच्या वर तापते. त्या तापमानाला उघडी कातडी काही सेकंदांत भाजते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. निपाणी-अथणीकडची ही चप्पल मुक्कामावर, संध्याकाळी, थंड वाळूत जरूर घालावी. दिवसा नको. प्रत्येक पावलाला चपलेत वाळू शिरते आणि अंगठ्याचा पट्टा व कातडी यांच्यामध्ये कानशीसारखी घासत राहते.

घोट्यापर्यंत येणारे, वजनाला हलके बूट घ्यावेत. वरच्या बाजूला फार मोठी जाळी नसावी, बारीक वाळू जाळीतून थेट आत येते. गमबूट किंवा पाणी अडवणारे बूट नकोत, त्यांत पाय शिजतात. उन्हात आणि लांब चालण्याने पाय सुजतात, म्हणून बूट रोजच्या मापापेक्षा अर्ध्या नंबराने मोठे घ्यावेत आणि दुकानात ते संध्याकाळी, मोजे घालून पाहावेत. नवे बूट घालून गाडीत बसू नये. किमान दोन-तीन आठवडे ते गावातल्या रस्त्यावर आणि शेताच्या बांधावर वापरलेले असावेत.

आता त्या पट्ट्या. बुटाचे तोंड आणि पँटचा काठ यांतली फट बंद केली की वाळू आणि भुरट दोन्ही अडतात. ट्रेकिंगच्या दुकानात यासाठी गेटर मिळतात. नाही मिळाले तर चार-पाच इंच रुंदीची, दीड मीटर लांबीची सुती पट्टी घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत गुंडाळावी आणि वर टोक खोचावे. फार आवळू नये, बोट आत जाईल एवढी सैल ठेवावी.

मोजे लोकर-मिश्र किंवा जाड सुती, दोन जोड हाताशी. दर तासाभराने बसून बूट काढावेत, वाळू झटकावी, ओलसर मोजे पिशवीला बाहेरून टांगून कोरडे घालावेत. टाचेला किंवा अंगठ्याला नुसते चुरचुरले तरी त्याच वेळी चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावून उपयोग नसतो.

सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटावेत. फुरसे हा साप कोकण-खानापूरकडच्या लोकांना नवा नाही. तो थरच्या वाळूतही आहे, आणि विंचूही आहेत. रात्री लघवीला उठताना चप्पल न घालता बूट घालावेत आणि विजेरी घेऊनच निघावे.

सूर्य मावळल्यावर

जानेवारीत जैसलमेरचे रात्रीचे तापमान सात-आठ अंशांपर्यंत आणि कधी त्याहून खाली जाते. हवा कोरडी, आभाळ मोकळे, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू अंधार पडताच झपाट्याने निवते. घामाने ओलसर झालेला सुती सदरा तेव्हा अंगावर बर्फ होतो. म्हणून मुक्कामावर पोचल्याबरोबर, थंडी वाजायची वाट न पाहता, आतले-बाहेरचे सगळे कपडे बदलावेत: कोरडी बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारे पातळ जाकीट, डोक्याला कानटोपी, पायांत कोरडे मोजे. दोन जाड कपड्यांपेक्षा तीन पातळ थर बरे.

घोंगडी न्यावी की नाही? वजन परवडत असेल तर जरूर न्यावी. धनगराच्या लोकरीची घोंगडी उंटावर किंवा गाडीत सामान जात असेल तर फार कामाची आहे. फक्त ती थेट वाळूवर टाकू नये. खाली ताडपत्री किंवा चादर अंथरावी, नाहीतर सकाळी घोंगडीतली भुरट वेचण्यात दोन तास जातात.

आखातात काम करणाऱ्यांसाठी

कामाच्या ठिकाणचा गणवेश, बूट आणि हेल्मेट कंपनी देते आणि ते घालावेच लागतात. पण आत काय घालायचे ते आपल्या हातात असते. गणवेशाखाली पातळ सुती बनियन, हेल्मेटखाली मान झाकणारे सुती कापड, आणि दुपारच्या सुट्टीत बदलायला एक कोरडा बनियन एवढे सोबत ठेवावे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. त्या वेळात सावलीत बूट-मोजे काढून बसावे. नव्याने गेलेल्याचे शरीर उष्णतेला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत जुन्यांच्या बरोबरीने राबण्याची ईर्ष्या करू नये.

घरी करायची चाचणी

निघण्याच्या निदान महिनाभर आधी सगळा पोशाख, बूट, पट्ट्या, डोक्याचे कापड आणि भरलेली पिशवी घेऊन भर दुपारी दोन तास चालावे. डिसेंबरात जायचे असेल तर ऑक्टोबरातले ऊन यासाठी पुरेसे आहे. मलप्रभेच्या काठी कोरडी वाळू मिळाली तर तिथे, नाहीतर माळावर. घरी आल्यावर अंग तपासावे: काख, मांड्या, कंबरेचा पट्टा, टाचा, खांदे. जिथे लाल झाले असेल तिथला कपडा बदलावा किंवा शिवण उसवून पुन्हा घालावी. बेळगावला गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात जाऊन दुसरा घ्यायला तेव्हा वेळ असतो, जैसलमेरपलीकडच्या ढाणीत, म्हणजे वाळूतल्या छोट्या वस्तीत, नसतो.

वाटेत दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान असो वा नसो. आणि सोबतच्या माणसावर लक्ष ठेवावे. तो असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी झाकण्याचा नियम बाजूला ठेवायचा: त्याला सावलीत न्यावे, जादा कपडे आणि बूट काढावेत, मान, काख आणि जांघांवर ओले कापड ठेवावे, अंगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. डोक्याला बांधलेले अडीच मीटरचे उपरणे तेव्हा सोडावे, भिजवावे आणि त्याच्या अंगावर पसरावे.